विद्यार्थी बाबासाहेब आणि राहण्याची खोली



विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघते, तेव्हा परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावर एक तरी लेख असतोच. महाडचा सत्याग्रह, पुणे करार, घटना, नागपूरची दीक्षा, हे सगळं आपण भाषणांतून ऐकलेलं आहे, वाचलेलं आहे. पदव्यांची यादी तर आपल्या वस्तीतलं पाचवीतलं पोरही न अडखळता म्हणून दाखवतं. पण ज्या दिवसांत त्या पदव्या मिळाल्या त्या दिवसांत हा माणूस राहायचा कुठे, झोपायचा कुठे, खायचा काय, हे कोणी फारसं विचारत नाही. आम्ही गिरणीत पाळ्या करणारी माणसं. दहा बाय दहाच्या खोलीत तीन पाळ्यांची माणसं आळीपाळीने झोपतात हे आम्ही पाहिलेलं आहे. त्यामुळे आम्हाला हा प्रश्न सुचतो, आणि तो लहान प्रश्न नाही असं आमचं मत आहे. शहरात शिकायला जाणाऱ्या पोराला कॉलेजात नाव घालणं जमतं, पण खोली मिळत नाही, म्हणून शिक्षण अर्ध्यावर सोडून परत आलेली मुलं आपल्याच वस्त्यांत आहेत. म्हणून या वर्षी बाबासाहेबांचं चरित्र आम्ही त्यांच्या खोल्यांच्या वाटेने सांगणार आहोत.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू इथे भीमरावांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करातले. माता भीमाई लहानपणीच गेल्या. साताऱ्याच्या शाळेत बसायला घरून गोणपाट न्यावं लागे, हे सर्वांना माहीत आहे. पुढे सुभेदार कुटुंब घेऊन मुंबईला आले आणि परळला, गिरणगावात, डबक चाळीत एक खोली घेतली. एकच खोली. तिच्यातच चूल, तिच्यातच सरपण, तिच्यातच सगळ्या घराची झोप. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात जात होते, अभ्यास वाढला होता आणि अभ्यासाला जागा नव्हती.

यावर सुभेदारांनी जी तोड काढली ती प्रत्येक बापाने ध्यानात ठेवावी अशी आहे. घरात सर्वांना एकदम झोपायला जागा पुरत नव्हती. म्हणून भीमरावांना ते लवकर झोपवत आणि स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहत. दोन वाजले की मुलाला उठवत आणि त्याच्या जागेवर आपण आडवे होत. मग घासलेटच्या दिव्याच्या उजेडात भीमराव पुस्तक उघडून बसत. उशाशी जातं, पायाशी बांधलेली बकरी, धुराने काळी झालेली भिंत. अशा खोलीत अभ्यास करून १९०७ साली ते मॅट्रिक झाले. पुस्तकांसाठी पैसे कमी पडले तर सुभेदार आपल्या लेकींकडे जाऊन त्यांचे दागिने मागून आणत, गहाण टाकत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत.

कॉलेजच्या दिवसांत हे कुटुंब परळलाच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत, म्हणजे आपण जिला बी. आय. टी. चाळ म्हणतो तिथे, एक नंबरच्या इमारतीत राहायला आलं. पन्नास आणि एक्कावन्न नंबरच्या दोन खोल्या घेतल्या. एका खोलीत संसार आणि दुसरी अभ्यासाला. पगारदार माणूसही दुसऱ्या खोलीचं भाडं भरताना दहादा विचार करतो, आणि इथे पेन्शनीवरच्या बापाने मुलाच्या पुस्तकांसाठी वेगळी खोली घेतली! वडील २ फेब्रुवारी १९१३ रोजी वारले. पण त्यांनी घेतलेल्या या चाळीत बाबासाहेब पुढे कितीतरी वर्षं, १९३४ च्या सुमारापर्यंत राहिले. विलायतेची पदवी घेतलेला बॅरिस्टर त्याच चाळीत राहत होता.

वडील गेले त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि शिकून आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची असा करार. जुलै १९१३ मध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात त्यांनी नाव घातलं. वय बावीस.

न्यूयॉर्क तेव्हाही साऱ्या जगाचं शहर होतं. इटलीचे, आयर्लंडचे, रशियातून आलेले ज्यू, चीनचे, अमेरिकेच्या दक्षिणेतून पोट भरायला आलेले काळे लोक, सगळे तिथे. विद्यापीठाच्या जवळच हार्लेम, जिथे काळ्या लोकांची वस्ती त्या वर्षांत वाढत होती. अशा शहरात नवख्या पोराने राहायचं कुठे? भीमराव प्रथम विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात उतरले. तिथलं जेवण त्यांना मानवलं नाही. आठवड्याभरात त्यांनी बिऱ्हाड हलवलं आणि पश्चिम ११४ व्या रस्त्यावर ५५४ नंबरच्या कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले. तिथे काही हिंदी विद्यार्थी राहत होते. परक्या शहरात आपल्या बोलीचा माणूस जिथे असतो तिथेच पाय आधी वळतात, हे गावाकडून मुंबईत आलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. शेवटी ते लिव्हिंगस्टन हॉल या वसतिगृहात आले. तिथे त्यांना नवल भथेना नावाचा पारशी तरुण सोबती म्हणून मिळाला. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावं, कारण ते पुढे पुन्हा येणार आहे.

इथे एक गोष्ट घडली. जन्मापासून जी जात उंबऱ्याशी उभी असायची, ती या वसतिगृहाच्या दारात नव्हती. त्याच टेबलावर जेवायचं, त्याच नळाचं पाणी, त्याच ग्रंथालयाची खुर्ची. सुरुवातीचे काही महिने मित्रांच्या संगतीत, मजेत गेले. मग एका रात्री घरच्या माणसांची, शिष्यवृत्तीची आणि आपल्या समाजाची आठवण होऊन ते सावध झाले आणि दिवसाचे अठरा अठरा तास अभ्यास करू लागले. शिष्यवृत्तीतले पैसे वाचवून माता रमाईला घरी पाठवायचे आणि उरलेल्यातून जुनी पुस्तकं घ्यायची. अशी दोन हजारांच्या आसपास पुस्तकं जमली. १९१५ साली एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी भारतातल्या जातींवरचा प्रसिद्ध निबंध त्यांनी तिथेच वाचला. माणसाच्या डोक्यावर बिनशर्त छप्पर असलं म्हणजे तो काय करू शकतो, याचा हा पुरावा आहे.

पण म्हणून अमेरिका म्हणजे स्वर्ग होता असं कोणी समजू नये. १९२४ साली याच कोलंबिया विद्यापीठाच्या फर्नाल्ड हॉल या वसतिगृहात फ्रेडरिक वेल्स नावाचा कायद्याचा काळा विद्यार्थी राहायला आला, तेव्हा त्याला घालवून देण्यासाठी धमक्या आल्या आणि वसतिगृहासमोरच्या मैदानात क्रॉस पेटवण्यात आला. क्रॉस पेटवणं ही तिकडच्या वर्णद्वेष्ट्यांची दहशतीची खूण. तो विद्यार्थी डगमगला नाही, खोली सोडली नाही. म्हणजे बाबासाहेबांना जे दार उघडं मिळालं, ते त्या देशात जन्मलेल्या काळ्या मुलाला सहज मिळत नव्हतं. प्रत्येक देशाची आपली अस्पृश्यता असते आणि ती आधी राहत्या जागेच्या दारात दिसते. त्याच १९२४ साली त्याच भागात देशोदेशीच्या विद्यार्थ्यांसाठी इंटरनॅशनल हाउस नावाचं मोठं वसतिगृह उघडलं, हीही गोष्ट सांगितली पाहिजे. माणसं दार लावतात तशी काही माणसं दार बांधूनही देतात.

१९१६ मध्ये बाबासाहेब लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातलं. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. पहिलं महायुद्ध चालू होतं. त्यांचं सामान ज्या बोटीवर होतं ती पाणतीराच्या माऱ्यात बुडाली आणि पोटाला चिमटा घेऊन जमवलेली कितीतरी पुस्तकं समुद्रात गेली.

आता करारानुसार बडोद्याला नोकरीवर हजर व्हायचं होतं. सप्टेंबर १९१७. अमेरिकेची एम. ए. पदवी, लंडनचा अनुभव, महाराजांच्या लष्करी सचिवाची जागा ठरलेली, आणि राहायला खोली नाही! हिंदूंच्या खाणावळीत जागा मिळणार नव्हती. म्हणून ते एका पारशी धर्मशाळेत गेले. तिथल्या रखवालदाराने आधी नकार दिला. शेवटी पारशी नाव लावून राहायचं असं ठरलं आणि रोजचा दीड रुपया कबूल झाला. दिवसा कचेरी आणि रात्री त्या ओसाड इमारतीत कंदिलाच्या उजेडात एकट्याने पुस्तक वाचत बसणं. सोबतीला वटवाघळं. न्यूयॉर्कला जो माणूस स्वतःच्या नावाने उजळ माथ्याने राहिला, त्याला आपल्या देशात खोटं नाव घेतल्याशिवाय पाठ टेकायला जागा मिळाली नाही.

अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी हातात काठ्या घेऊन दारात आले. धर्मशाळा बाटवली म्हणून जाब विचारला आणि संध्याकाळपर्यंत जागा खाली करायला सांगितलं. बाबासाहेबांनी आठवड्याची मुदत मागितली, ती मिळाली नाही. त्यांनी गावातल्या दोन मित्रांना विचारलं. एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्राने नोकर निघून जातील असं कारण सांगितलं. ख्रिस्ती मित्राने बायकोला विचारून सांगतो म्हटलं, आणि त्याचाही अर्थ नाहीच होता. रात्रीची मुंबईची गाडी यायला चार-पाच तास होते. ते त्यांनी कामाठी बागेत बसून काढले. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. हा प्रसंग बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवला आहे. त्या बागेतल्या झाडाखालच्या जागेला आज आपले लोक संकल्पभूमी म्हणून वंदन करतात.

या प्रसंगावर आम्हाला एक सांगायचं आहे. हा प्रसंग ऐकून काही लोक पारशी समाजावर राग काढतात. तसं करू नये. न्यूयॉर्कमध्ये ज्याच्या सोबतीने बाबासाहेब राहिले तो नवल भथेना पारशीच होता. १९२० साली अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करायला बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले तेव्हा पाच हजार रुपये उसने देणारा हाच भथेना. बडोद्याला काठ्या घेऊन आले तेही पारशी. हिंदू मित्राचं दार लागलं आणि ख्रिस्ती मित्राचंही लागलं. म्हणजे दोष एका धर्माच्या माणसांचा नव्हता. जातीची रीत इतकी मुरलेली होती की जात न मानणाऱ्या धर्मातही ती घरोघर पोचली होती. माणूस त्या रीतीला मान तुकवतो की तिच्याविरुद्ध उभा राहतो, एवढाच फरक असतो.

मधल्या काळात बाबासाहेबांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली. पगार साडेचारशे रुपये, पण राहणं परळच्या चाळीतच. पगारातून पै पै बाजूला टाकली. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली. हे शाहू महाराज म्हणजे ज्यांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजाच्या मुलांसाठी बोर्डिंगं काढली आणि १९०८ मध्ये आपल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू केलं. खेड्यातलं पोर शहरात शिकायचं तर आधी त्याला झोपायला जागा आणि दोन वेळची भाकरी पाहिजे, हे महाराजांनी ओळखलं होतं.

लंडनमध्ये हिंदी विद्यार्थ्यांच्या राहण्याचा प्रश्न जुना होता. रंग पाहून खोली नाकारणाऱ्या घरमालकिणी होत्या. श्यामजी कृष्ण वर्मांनी १९०५ साली हायगेट भागात इंडिया हाउस काढलं ते विद्यार्थ्यांच्या निवाऱ्यासाठीच. पुढे १९२० मध्ये वाय. एम. सी. ए. ने हिंदी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं. हिंदी विद्यार्थ्यांच्या अडचणी पाहायला १९२१-२२ मध्ये सरकारने लॉर्ड लिटन यांची समितीही नेमली होती. बाबासाहेब तेव्हा तिथेच शिकत होते.

त्यांना जी खोली मिळाली तिची घरमालकीण फार कडक. सकाळी चहाचा कप, पावाचा तुकडा, जरासा मुरंबा आणि माशाची एक फोड. एवढ्यावर ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जाऊन बसत आणि संध्याकाळी ग्रंथालय बंद होईपर्यंत जागचे उठत नसत. दुपारच्या जेवणाला पैसे नव्हते आणि वेळही घालवायचा नव्हता. बसभाडं वाचवायला पायी चालत. रात्री मालकिणीकडून पातळ सूप आणि बिस्किटं. मग पुन्हा अभ्यास. रात्री दहा वाजता भूक अनावर झाली की मुंबईच्या ओळखीच्या माणसाने दिलेले पापड पत्र्यावर भाजायचे आणि कपभर दुधाबरोबर खायचे. सोबत खोलीत राहणारा विद्यार्थी त्यांना आता झोपा म्हणून सांगे, पण पहाटेपर्यंत दिवा जळत असे. परळच्या खोलीत रात्री दोनला उठायची लागलेली सवय लंडनला कामी आली.

१९२१ ला एम. एस्सी., १९२२ ला बॅरिस्टरी, १९२३ ला डी. एस्सी. रुपयाच्या प्रश्नावरचा तो गाजलेला प्रबंध याच उपाशी रात्रींचा आहे.

१९२१-२२ मध्ये ते लंडनच्या किंग हेन्रीज रोडवर दहा नंबरच्या घरात राहत होते. महाराष्ट्र सरकारने हे घर २०१५ मध्ये विकत घेतलं आणि १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तिथल्या स्मारकाचं उद्घाटन झालं. पुढे तिथल्या कॅम्डेन नगरपालिकेने राहत्या घराचं संग्रहालय करायला परवानगी नाकारली. शेजाऱ्यांच्याही वर्दळीच्या तक्रारी होत्या. अपील झालं, चौकशी झाली, आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली. विद्यार्थी म्हणून जो तिथे अर्धपोटी राहिला, त्याच्या नावासाठी त्याच घराला शंभर वर्षांनी पुन्हा कायद्याची लढाई द्यावी लागली, आणि ती जिंकली. आपली लेकरं लंडनला शिकायला गेली तर त्यांनी त्या घरात जाऊन यावं.

आता मुख्य गोष्ट. विलायतेहून परत आल्यावर या माणसाने काय केलं? २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, आणि सभेच्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापूरला सुरू केलेलं विद्यार्थी वसतिगृह. महाडचं तळं दोन वर्षं पुढे होतं, त्याआधी वसतिगृह झालं! १९२८ मध्ये डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी काढली, तीही मुख्यतः वसतिगृहं चालवायला. १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज. १९५० ला औरंगाबादला कॉलेज उघडलं, ज्याचं नाव पुढे मिलिंद झालं. मराठवाड्यातल्या गावकुसाबाहेरच्या किती पोरांनी मिलिंदच्या वसतिगृहात पहिल्यांदा स्वतःची कॉट पाहिली! दादरला राजगृह बांधलं तेही पुस्तकांना जागा पाहिजे म्हणून. डबक चाळीतली बकरी आणि जातं, बडोद्याचा कंदील, लंडनचे पापड हे ते विसरले नव्हते. आपल्याला जे सोसावं लागलं ते पुढच्या पोराला सोसावं लागू नये, हा त्यांचा सगळा खटाटोप होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी आपल्याला धम्म दिला आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचं महापरिनिर्वाण झालं. पण वसतिगृहातले दिवे त्यांनी आधीच लावून ठेवले होते.

बंधूंनो, आज आपली मुलं-मुली मोठ्या शहरांत शिकायला जातात. खोली पाहायला गेलं की भाडं, डिपॉझिट सांगतात आणि मग हळूच आडनाव विचारतात. आडनाव कळलं की खोली कालच दिली गेलेली असते. आमच्या नात्यातल्या एका मुलीला चार दिवसांत सहा ठिकाणी अशीच खोली कालच गेल्याचं सांगण्यात आलं. बडोद्याची काठी दिसत नाही, पण दार लागतंच. अशा वेळी मूल खचतं, आणि आईबापही म्हणतात की राहू दे, परत ये. तसं म्हणू नका. आणि नाव बदलून राहायलाही सांगू नका. बडोद्याला खोट्या नावाची खोली अकरा दिवस टिकली.

त्याऐवजी काही गोष्टी आपल्याला करता येतात. सरकारी वसतिगृहाचा अर्ज वेळेवर भरा. तिथे जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी २०१६-१७ पासून सुरू झालेली डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, तिच्यात राहण्या-जेवणासाठी पैसे मिळतात. समाजकल्याण कार्यालयात जाऊन तिच्या अटी नीट समजून घ्या. शहरात ज्यांची स्वतःची घरं झाली आहेत त्यांनी गावाकडच्या एका तरी विद्यार्थ्याला पहिले पंधरा दिवस आपल्याकडे उतरू द्यावं. कारण नवख्या पोराचे पहिले पंधरा दिवसच कठीण असतात. आणि आपलं विहार वंदनेनंतर कुलूप लावून ठेवण्यापेक्षा रात्री मुलांना अभ्यासाला उघडं ठेवावं, अशी आमची कमिटीला नम्र विनंती आहे. विजेचं बिल वाढेल. वर्गणी काढू. सुभेदार रामजी रात्री दोन वाजेपर्यंत जागले, आपण आळीपाळीने दहा-अकरापर्यंत जागायला काय हरकत आहे? किल्ली सांभाळायला पाळी लावा. पाळी करायची सवय आम्हा गिरणीवाल्यांना आहेच, पहिलं नाव आमचं लिहा.

जयभीम! नमो बुद्धाय!